नकोशा झालेल्या घोड्याला सोडवणे आणि त्याला नवे घर मिळवून देणे

माळरान (धागालेखिका)

घोडा साधारणपणे २५ ते ३० वर्षे जगतो आणि बहुतेक घोड्यांचे काम त्याच्या कितीतरी आधी संपते. शर्यतीचा घोडा पाच-सहा वर्षांचा होईतो मैदानाबाहेर पडलेला असतो. ओझ्याच्या घोड्याचे सांधे झिजले की मालकाला त्याची चंदी जड वाटू लागते. ज्या मुलीसाठी घोडा घेतला ती शिकायला दूर निघून जाते, कुठे मालकच अंथरुणाला खिळतो. नकोसा झालेला घोडा हा बहुधा वाईट घोडा नसतो आणि त्याचा मालकही दर वेळी निर्दय नसतो, हे आधी स्पष्ट करते, कारण अशा चर्चा पहिल्या दहा प्रतिसादांतच मालकाला शिव्या देण्यावर येऊन थांबतात आणि घोडा बाजूला राहतो.

मला जे मांडायचे आहे ते असे. घोडा सोडवून आणणे हा या कामाचा सर्वांत छोटा भाग आहे. एखादा घोडा आपल्या दावणीला आला म्हणजे तो वाचला असे नव्हे. तो पुढे कोणाकडे जाणार, तिथे किती काळ राहणार आणि तिथेही नकोसा झाला तर काय, याची उत्तरे मिळेपर्यंत तो वाटेतच असतो. १९८६ साली केंटकी डर्बी ही अमेरिकेतील नामांकित घोडशर्यत जिंकलेला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतील सर्वोत्तम घोडा ठरलेला फर्डिनंड पैदाशीसाठी जपानला गेला, तिथे मागणी कमी झाल्यावर हातोहात पुढे सरकत राहिला आणि २००२ साली कत्तलखान्यात संपला. ही गोष्ट बाहेर आली तेव्हा लोक हळहळले, परंतु त्याला कोणी रस्त्यावर सोडून दिले नव्हते. तो एका मालकाकडून दुसऱ्याकडे देण्यात आला होता, इतकेच.

म्हणून घोडा ताब्यात घेण्याआधी मालकाशी शांतपणे आणि सविस्तर बोलावे. मोफत मिळत असला तरी मालकी बदलल्याचा सही केलेला कागद घ्यावा, त्यावर घोड्याचा रंग, कपाळावरचे व पायांवरचे पांढरे पट्टे, भोवरे आणि मायक्रोचिप असल्यास तिचा क्रमांक नोंदवावा. मालकाचा पत्ताच लागत नसेल किंवा घोड्याची उपासमार चाललेली दिसत असेल, तर फोटो काढून संबंधित प्राणीकल्याण यंत्रणेला आणि पोलिसांना कळवावे. दावे सोडून त्याला परस्पर घेऊन येऊ नये. हेतू कितीही चांगला असला तरी ती चोरी ठरू शकते आणि घोडा पुन्हा त्याच मालकाच्या हाती जाऊ शकतो.

आणखी एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. उपाशी घोडा शांत असतो. त्याच्यात विरोध करण्याइतकेच बळ उरलेले नसते. "अगदी गरीब आहे, लहान मूलही बसेल" असे ज्याच्याविषयी सांगितले जाते, तोच घोडा अंगावर मांस चढल्यावर खोगीर पाहताच कान मागे टाकतो, तंग आवळताना चावायला वळतो. हा त्याचा कृतघ्नपणा नव्हे. ती त्याची खरी ओळख असते, किंवा आधी सोसलेल्या दुखण्याची आठवण असते. म्हणून तो पूर्ण सावरेपर्यंत त्याच्या स्वभावाविषयी कोणालाही काहीही शब्द देऊ नये.

पहिली रिकीब

माळरान ताई, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. आमच्या ओळखीतील एका वृद्ध गृहस्थांकडे एक घोडी आहे. त्यांच्याने आता काही होत नाही. तिच्या बरगड्या लांबून मोजता येतात, पाठीचा कणा वर आला आहे. ती मला द्यायला ते तयार आहेत. मी थोडीफार घोडेस्वारी शिकलो आहे, परंतु घोडा कधी पाळलेला नाही. तिला आणल्यावर पहिल्या दिवसापासून भरपूर चंदी द्यावी, म्हणजे ती लवकर सावरेल, असा माझा विचार होता. तो योग्य आहे का?

पशुवैद्य

अजिबात नाही, आणि विचारलेत हे फार चांगले केलेत. दीर्घकाळ उपाशी असलेल्या घोड्याला एकदम धान्य दिल्यास तो चांगले खाऊ लागल्यानंतर तीन ते पाच दिवसांत दगावू शकतो. उपासमारीत शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळून तग धरून असते आणि फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम या क्षारांचे साठे आटलेले असतात. धान्यातील स्टार्चमुळे रक्तातील साखर वाढते, त्यासरशी इन्शुलिन वाढते आणि ते साखरेबरोबर हे उरलेसुरले क्षारही रक्तातून पेशींमध्ये ओढून नेते. रक्तात ते कमी पडले की हृदय आणि श्वसनाचे स्नायू साथ सोडतात. ज्यांनी मायेने घमेलेभर दाणा घातला, त्यांच्याच डोळ्यांसमोर हे घडते, म्हणून ते अधिक वाईट.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी कृश घोड्यांना वेगवेगळे खाद्य देऊन तुलना केली, तेव्हा चांगल्या प्रतीचा वाळलेला लसूणघास सर्वांत सुरक्षित ठरला. त्यात स्टार्च कमी आणि प्रथिने, मॅग्नेशियम, फॉस्फरस चांगल्या प्रमाणात असतात. त्यांची पद्धत अशी: पहिले तीन दिवस दर चार तासांनी सुमारे अर्धा किलो, म्हणजे रात्री उठूनसुद्धा, दिवसातून सहा वेळा. त्यानंतर प्रत्येक वेळचे प्रमाण हळूहळू वाढवत आणि वेळा कमी करत साधारण दहाव्या दिवसापर्यंत पोटभर चाऱ्यावर आणायचे. स्वच्छ पाणी आणि मिठाचा खडा कायम समोर हवा. धान्याचा विचार घोडी बरीच सावरल्यावर करावा. हे सर्व तिला प्रत्यक्ष तपासणाऱ्या पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली करावे, कारण तिचे वय आणि आजार पाहून प्रमाण बदलू शकते.

तिची अवस्था डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नका. डॉन हेन्नेके यांनी १९८३ साली मांडलेली १ ते ९ गुणांची पद्धत आजही सर्वत्र वापरली जाते. मान, खांद्यावरचा उंचवटा, खांद्यामागचा भाग, बरगड्या, कंबर आणि शेपटीचे मूळ अशा सहा ठिकाणी हाताने चाचपून चरबी पाहायची. १ म्हणजे केवळ हाडांचा सापळा, ५ म्हणजे मध्यम, ९ म्हणजे अतिलठ्ठ. हिवाळ्यातील दाट केसांखाली बरगड्या दडतात, म्हणून हात लावूनच पाहावे. वजनकाटा नसल्यास छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे, म्हणजे किलोमधील अंदाजे वजन मिळते. दर आठवड्याला त्याच ठिकाणी टेप लावून नोंद ठेवा आणि त्याच बाजूने फोटो काढा.

जंतनाशकाचीही घाई नको. अशक्त घोड्याच्या आतड्यात जंतांचा मोठा भार असेल तर एकदम तीव्र औषध दिल्याने पोटशूळ उठू शकतो. आधी लीद तपासून घ्यावी. घोडे धनुर्वाताला फार लवकर बळी पडतात, त्यामुळे जखमा असतील तर त्या लसीविषयी पहिल्याच दिवशी विचारा. आणि घोडी आहे म्हणून एक राहिलेला मुद्दा: ती गाभण नाही ना, हे तपासा. गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा असतो आणि कृश घोडीच्या बाबतीत ही शंका कोणाला येत नाही.

खरारा

डॉक्टरांनी सांगितलेल्यात भर घालतो. दातांकडे लक्ष द्या. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि खालच्या-वरच्या दाढा एकमेकींवर नीट न बसल्यास त्यांना धारदार कडा येतात. अशा घोड्यापुढे कितीही चारा टाका, तो घास तोंडात घोळवतो, मान वाकडी करतो आणि अर्धवट चावलेल्या गवताचा ओलसर, वळलेला बोळा खाली टाकतो. गव्हाणीपाशी असे बोळे पडलेले दिसले तर समजावे की घोडा उपाशी आहे तो चाऱ्याअभावी नव्हे, दुखण्यामुळे. कानस मारून कडा काढल्यावर आठवड्याभरात फरक दिसतो. म्हाताऱ्या घोड्याच्या दाढाच झिजून गेल्या असतील तर भिजवून मऊ केलेले खाद्य आयुष्यभर द्यावे लागेल. हे काम रोजचे आहे आणि नव्या मालकाला ते पहिल्याच भेटीत सांगायला हवे.

खुरांचेही तसेच. निरोगी खूरसुद्धा दर सहा ते आठ आठवड्यांनी छाटावे लागतात. वर्षानुवर्षे वाढून पुढे वळलेले खूर एकाच बैठकीत सरळ करण्याचा आग्रह नालबंदाकडे धरू नका. स्नायुबंधांना त्या वाकडेपणाची सवय झालेली असते, म्हणून ते टप्प्याटप्प्याने करावे लागते. घोडा पुढचे पाय पुढे ताणून, भार मागे टाकून उभा राहत असेल, वळताना पाय भाजल्यासारखे उचलत असेल आणि खुरांवरच्या वलयांतील अंतर टाचेकडे रुंद होत गेलेले असेल, तर खुराच्या आतील दाहाची दाट शंका घ्यावी. हा आजार लठ्ठ घोड्यांत अधिक आढळतो. म्हणजे नकोसा घोडा नेहमी हडकुळाच असतो असे नाही. गरजेपेक्षा सकस कुरणात विसरला गेलेला गुबगुबीत तट्टूही तितकाच संकटात असू शकतो, आणि त्याच्याकडे पाहून कोणाचे मन द्रवत नाही.

पहिली रिकीब

इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल दोघांचेही आभार. आमच्याकडे शेजारीच माझ्या मित्राचे दोन घोडे आहेत. एकटे राहू नये म्हणून घोडीला त्यांच्यातच सोडावे असे आम्ही ठरवले होते.

पशुवैद्य

किमान तीन आठवडे वेगळे ठेवा. तिची बादली, खरारा, मोरखी, सर्व स्वतंत्र असावे आणि मित्राच्या घोड्यांचे सर्व आटोपल्यावर शेवटी तिच्याकडे जावे. रोज दोनदा ताप मोजा. प्रौढ घोड्याचे तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. नाकातून घट्ट स्राव आणि जबड्याखाली गाठ ही स्ट्रँगल्सची लक्षणे असू शकतात आणि हा जिवाणूजन्य रोग एका तबेल्यातून दुसऱ्यात फार लवकर जातो. ग्लँडर्स हा घोड्यांचा जीवघेणा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो, त्यामुळे त्याची रक्ततपासणी टाळू नये. घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयासाठीही तपासणी आहे. तो बरा होत नाही आणि बाधित घोडा जन्मभर वाहक राहतो. निकाल हाती येईपर्यंत तिला इतर घोडे दुरून दिसतील अशी जागा द्या. घोडा कळपात राहणारा प्राणी आहे आणि दुसरा घोडा नुसता नजरेच्या टप्प्यात असला तरी त्याचा जीव स्वस्थ राहतो.

सांजवारा

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु एका गोष्टीवर मला स्पष्ट मत मांडायचे आहे. कत्तलखान्याच्या वाटेवरून घोडा "सोडवण्यासाठी" दलालाला पैसे देऊ नयेत. आपण त्याला वाजवी भावापेक्षा जास्त देतो, तो त्या पैशात आणखी दोन घोडे उचलतो आणि पुढच्या आठवड्यात त्यांचे फोटो तशाच विनवणीसह फिरू लागतात. ज्या घोड्याचे डोळे आपण पाहिले तो वाचतो, हे मला मान्य आहे. न पाहिलेल्यांचे काय?

खरारा

सांजवारा, आपला मुद्दा तत्त्व म्हणून मला पटतो, तरी तो पूर्ण लागू होत नाही. १९५६ साली अमेरिकेत घोडेस्वारी शिकवणाऱ्या हॅरी डी लेयर यांनी कत्तलीसाठी ट्रकवर चढवलेला एक करडा नांगराचा घोडा विकत घेतला. तो स्नोमॅन. त्यांनी त्याला एका शेजाऱ्याला दिले, तर तो उंच कुंपणे ओलांडून परत त्यांच्याकडे येऊ लागला, तेव्हा त्याच्यातील उडी त्यांना कळली आणि दोन वर्षांत तो अमेरिकेतील उड्यांच्या स्पर्धांचा विजेता झाला. त्या दिवशी कोणी दलालाच्या व्यवहाराचा विचार करून मागे फिरले असते तर?

माळरान

दोन्ही बाजूंना उत्तर देते. दलालाला वाढीव किंमत मोजण्याच्या मी विरोधात आहे. तेच पैसे एखाद्या मालकाला कठीण काळात चारा, नालबंद किंवा औषध यांसाठी मदत म्हणून दिले, तर कित्येकदा घोडा घर सोडून बाहेर पडतच नाही, आणि यापेक्षा चांगली सुटका मला ठाऊक नाही. वृद्ध गृहस्थांच्या घोडीबाबतही हा पर्याय आधी विचारून पाहावा. रोज कोणी जाऊन चारापाणी केले तर ती तिथेच राहू शकेल का?

स्नोमॅनची गोष्ट मला प्रिय आहे, तरी ती सांगताना काळजी वाटते. तिच्यामुळे लोक सोडवलेल्या घोड्यात दडलेला विजेता शोधू लागतात. आपल्याकडे येणाऱ्यांतील बरेचसे घोडे पुन्हा कधीच स्वारीला लायक होणार नाहीत. ते दुसऱ्या घोड्याला सोबत म्हणून राहतील, कुरणात चरतील, लहान मुले त्यांना खरारा करतील. हे जगणे पुरेसे आहे असे ज्याला वाटते, त्याच्याच घरी असा घोडा द्यावा. "पुढेमागे बसता येईलच" असे मनात धरून आलेला माणूस कितीही प्रेमळ असला तरी त्याला नम्रपणे नकार द्यावा.

आता नव्या घराविषयी. जाहिरातीत घोड्याचे दोष आधी लिहा: अमुक पायाने लंगडतो, ट्रकमध्ये चढत नाही, एकटा ठेवल्यास कुंपण तोडतो, हिवाळ्याचे केस गळत नाहीत म्हणून ग्रंथीच्या विकाराचे औषध रोज द्यावे लागते. फोन कमी येतात, परंतु जे येतात ते विचार करून आलेले असतात. इच्छुकाला एकदा नव्हे, निदान दोन-तीनदा बोलवा आणि त्याला घोड्याला रानातून पकडून आणू द्या. त्या दोन मिनिटांत पुष्कळ कळते. कोणी सरळ चालत जाऊन मोरखी अडकवायला पाहतो. घोडा मान वर करून दूर सरकतो, तसा हा पावले वाढवतो, आवाज चढवतो. कोणी बाजूने जातो, घोडा थांबला की स्वतः थांबतो, त्याला हाताचा वास घेऊ देतो आणि मग मानेवर हात ठेवतो. दुसऱ्याला थोडे कमी येत असले तरी मी घोडा त्यालाच देईन.

त्याच्या जागेवर स्वतः जाऊन या. कुंपणाला काटेरी तार आहे का, निवाऱ्याची जमीन कोरडी आहे का, दुसरा घोडा आहे का आणि तो कोणत्या अवस्थेत आहे, हे पाहा. आधीपासून असलेल्या घोड्याचे खूर हे मालकाचे सर्वांत खरे ओळखपत्र असते. त्याच्या पशुवैद्यकाशी आणि नालबंदाशी, त्याच्या परवानगीने, बोला. त्यानंतर काही आठवड्यांची चाचणी ठेवा आणि करार लेखी करा. घोडा विकायचा किंवा दुसऱ्याला द्यायचा नाही, घोडीपासून पैदास करायची नाही, ठरावीक काळाने भेट देऊ द्यायची आणि ठेवणे अशक्य झाल्यास तो आपल्याकडेच परत करायचा, या अटी त्यात स्पष्ट असाव्यात. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती आपल्यालाही बांधते. दहा वर्षांनी फोन आला तरी त्या घोड्यासाठी आपल्याकडे जागा असली पाहिजे. म्हणून एका वेळी झेपतील तेवढेच घोडे घ्यावेत. मन मोठे आणि कुरण लहान अशा ठिकाणी सोडवलेले घोडे पुन्हा उपाशी राहिल्याची उदाहरणे खरोखरच घडतात.

सांजवारा

आणि ज्याला घर मिळतच नाही, त्याचे काय? वेदनारहित मरण देण्याचा सल्ला काही लोक फार सहज देतात. जीव वाचवायला निघालेल्या माणसाने तो पर्याय तोंडातसुद्धा आणू नये, असे मला वाटते.

पशुवैद्य

आपली भावना मी समजू शकतो. तरीही डोरोथी ब्रूक या ब्रिटिश बाईंचे उदाहरण सांगावेसे वाटते. पहिल्या महायुद्धात लढलेले आणि युद्धानंतर इजिप्तमध्ये विकून टाकलेले ब्रिटिश सैन्याचे घोडे त्यांना १९३० साली कैरोच्या रस्त्यांवर राबताना आढळले. त्यांनी १९३१ साली मायदेशातील वृत्तपत्राला पत्र लिहून निधी उभा केला आणि पुढच्या काही वर्षांत असे सुमारे ५,००० घोडे विकत घेतले. त्यांतील बहुसंख्य इतके जर्जर होते की त्यांना विश्रांती, पोटभर खाणे आणि मऊ बिछायत देऊन नंतर शांतपणे मरण दिले गेले. त्याच कामातून १९३४ साली कैरोत उभारलेले रुग्णालय पुढे जगभर कष्टकरी घोड्या-गाढवांसाठी काम करणारी संस्था बनले. त्या घोड्यांची सुटका झाली नाही, असे मला म्हणवत नाही.

जो घोडा सतत वेदनेत आहे, जो खाली बसल्यावर स्वतःहून उठू शकत नाही किंवा ज्याच्यापासून माणसांना खरा धोका आहे, त्याला "कोणीतरी घेईल" या आशेवर पुढे देणे मला अधिक क्रूर वाटते, कारण त्या साखळीच्या शेवटी काय असते ते आपण पाहत नाही. हा निर्णय पैशांच्या सोयीसाठी घेऊ नये आणि एकट्याने घेऊ नये, एवढे मात्र मी आग्रहाने सांगेन.

सांजवारा

ब्रूक बाईंविषयी मला माहीत नव्हते. मी अजून पूर्ण सहमत नाही, तरी "तोंडातसुद्धा आणू नये" हे माझे शब्द मागे घेते.

पहिली रिकीब

आज त्या गृहस्थांशी बोललो. रोज कोणी जाणे त्यांच्या घरच्यांना शक्य नाही, त्यामुळे घोडी आम्हीच आणणार आहोत. कागदावर सही झाली आहे. ती स्वतःच्या पायांवर नीट उभी राहते आणि चालते. पशुवैद्यक तिला निघण्यापूर्वी तिथेच तपासणार आहेत. माझा अनुभव कमी असल्याने ती सावरेपर्यंत मित्राच्या मार्गदर्शनाखाली सांभाळायची आणि नंतर तिच्यासाठी योग्य घर शोधायचे, असे ठरले आहे. प्रवासाबाबत काही सूचना असल्यास कृपया सांगाव्यात.

खरारा

आदल्या दिवसांत तिला गाडीच्या फळीवर नुसते चढा-उतरायला लावा, घाई नको. उन्हाची वेळ टाळा. प्रवासात डोके उंच बांधू नका. घोड्याला मान खाली घालता आली नाही तर श्वासनलिकेतील घाण बाहेर पडत नाही आणि लांबच्या प्रवासानंतर फुप्फुसांचा गंभीर संसर्ग होऊ शकतो. वाटेत थांबून पाणी द्या, गाडी हळू चालवा आणि वळणे सावकाश घ्या.

माळरान

तिथून निघताना तिचा सध्याचा चारा मागून घ्या, निदान आठवडाभर पुरेल एवढा, आणि नवा चारा त्यात थोडा-थोडा मिसळत बदल करा. त्याचे प्रमाण किती असावे हे डॉक्टर ठरवतील. त्या गृहस्थांकडून तिचे नाव, तिला कोणत्या हाकेला यायची सवय आहे, ती कोणत्या बाजूने मोरखी चढवू देते आणि पूर्वी कधी पोटशूळ झाला होता का, हे सर्व लिहून घ्या. हाच कागद पुढे नव्या मालकाला द्यायचा आहे. आणि शक्य असल्यास ती पोहोचल्यावर त्यांना एक फोन करा. इतकी वर्षे सांभाळलेले जनावर दिल्यावर त्यांनाही त्या रात्री झोप लागणार नाही.